नोटिशीला उत्तर

आमच्या तालुक्याच्या साप्ताहिकात बैल आणि बियाण्यांच्या जाहिरातींखाली एकदा सरूआत्याच्या नवऱ्याची नोटीस आली: ‘माझी बायको घर सोडून गेली आहे. तिच्याशी कोणी व्यवहार करू नये.’

आत्या तेव्हा आमच्याकडेच राहत होती. बाबा तिला म्हणाले, “गप्प राहा. लोक विसरतील.”

“लोकांनी मला विसरून कसं चालेल?” म्हणत ती थेट छापखान्यात गेली.

छापील शब्दाचा केवढा धाक असतो! पण शाई काही नवऱ्यांच्याच मालकीची नसते. पुढच्या अंकात आलं: ‘घर सोडून गेलेल्या सरूबाईंकडे चोळ्या शिवून मिळतील. बाजारच्या दिवशी, चिंचेखाली.’

बाजारात दुपारपर्यंत बायका लांबूनच बघत होत्या. मग आत्याची नणंदच खण घेऊन पुढे आली.

“माप घे, वहिनी,” ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “दादानं विचारलं तर तुझंच नाव सांगेन.”