आत कोण ऱ्हायलं?

मंगळवार, दुपार. खंडाळ्याच्या आमच्या हॉटेलचं मागचं अंगण. हजर: मालक, मॅनेजर, स्वयंपाकघरातले सगळे, हाउसकीपिंगची मी आणि माझ्या हाताखालच्या बायका. अग्निशमन दलातले भाऊ आम्हाला शिकवायला आले होते.

भाऊ कुठल्याही बंद दाराला आधी पालथा हात लावायचे. चहाला बोलावलं तरी माझ्या दारावर तसाच हात. "सवय, मॅडम. दार तापलं असंल तर उघडायचं न्हाई," म्हणत आत यायचे.

त्या दिवशी त्यांनी मॅनेजरचे डोळे फडक्याने बांधले. "धुरात डोळे कामाचे न्हाईत. रांगत जावा. एक हात भितीवर, दुसऱ्यानं चाचपा. भित सोडली, की तुमालाच हुडकायला दुसरा मानूस धाडावा लागंल." मॅनेजरच्या हाताला मालकांचा पाय लागला. भाऊ ओरडले, "गावला! वडा भायेर!" मालकही हसले.

मग भाऊंनी मागची खोली पाहिली. रात्रपाळीच्या बायका दिवसा तिथे झोपतात; तेव्हा त्यात आमची मावशीही होती. दरीकडच्या खिडकीला पक्के गज.

"हे आतून उघडतील असं करा."

"माकडं येतात हो भाऊ," मालक म्हणाले. विषय संपला.

त्याच उन्हाळ्यात, भरदुपारी, त्या खोलीशेजारच्या चादरींच्या कोठीला आग लागली. बोळ धुराने भरला. भाऊंची गाडी आली तेव्हा मॅनेजर कागद घेऊन उभा होता. "पाहुणे मोजले, ड्यूटीवरचे मोजले. सगळे बाहेर आहेत."

"भायेरचे नका सांगू. आत कोण ऱ्हायलं? झोपल्यालं कोण हाय?"

झोपलेली माणसं आमच्या हॉटेलात कुणी मोजतच नव्हतं. मी ओरडले, "मावशी! रात्रपाळी करून मागच्या खोलीत!"

भाऊ जोडीदाराला घेऊन आत शिरले. भिंत धरून गेले, भिंत धरूनच परतले. मावशी त्यांच्या खांद्यावर होती. श्वास नव्हता.

"खाटेवर न्हवती," भाऊ पायरीवर बसून म्हणाले. "खिडकीखाली गावली."

थोड्याच दिवसांत मालकांनी भाऊंचा सत्कार ठेवला. मावशीच्या नावाने रडायलाही घरचं कुणी उरलं नव्हतं, आणि इथे शाल, नारळ, माइक! "एकाही पाहुण्याला ओरखडा नाही," मालक म्हणाले. टाळ्या पडल्या. मी हात मांडीवरून उचलले नाहीत.

भाऊंनी माइक घेतला. "मावशी खिडकीपत्तूर पोचली व्हती, साहेब. म्होरं तुमचे गज व्हते." शाल खुर्चीवर ठेवली आणि चालते झाले. नंतर ते निवृत्त झाले. आमच्याकडे पुन्हा आले नाहीत.

खोलीला नवा रंग लागला. परवा मी लोणावळ्याहून वेल्डर बोलावला. सीझनमध्ये ठोकाठोक नको म्हणून मालकांनी त्याला गेटवरूनच परत पाठवलं. मावशीच्या जागी आलेली बाई आत्ता तिथे झोपली आहे. गज कापायचे राहिलेत.