दत्तूने सांभाळलेला गुडघा

दत्तूच्या घरून सुमनवहिनींचा फोन आला तेव्हा मी खतांच्या दुकानात होतो. "भावजी, हे उठंनात," एवढंच त्या म्हणाल्या. मी जाऊन पोचेपर्यंत दत्तू गेलेला होता. त्याला महिना होत आला, तरी मला एका जागी बसवत नाही. दुकानात बसलो की घरी जावंसं वाटतं, घरी गेलो की पाटाच्या रस्त्याला.

दत्तू आणि मी कोल्हारचे. सैन्यात एकाच दिवशी भरती झालो आणि मनमाडहून एकाच डब्यात बसलो. पहिल्या दिवशी भाकरी-ठेचा मिटक्या मारत खाल्ला. दुसऱ्या दिवशी भाकरीचा पापड झाला, तो चहात बुडवून खाल्ला. दत्तू खिडकीतून शेतं बघून 'इथं पाणी लई दिसतंय' म्हणत होता, मी मात्र दर स्टेशनला उठून दारात जात होतो... छावणीत पोचल्यावर आधी केस गेले. न्हाव्यासमोरून उठलो तेव्हा आम्ही एकमेकांना ओळखलं नाही आणि पोट धरून हसलो. ते तिथलं शेवटचं हसणं. तिथं रंगरूटानं, म्हणजे नव्या भरतीच्या पोरानं, चालायचं नसतं, जेवायलासुद्धा धावतच जायचं. धावण्यात मी दत्तूच्या पुढे होतो. मला उभं राहणं जमत नव्हतं. उन्हात सावधान उभं केलं की मनात घर, आई, गोठा असं सगळं गोळा व्हायचं. खरं सांगतो, मी घाबरलो होतो. तिसऱ्या आठवड्यात मी अर्ज देऊन नाव काढून घेतलं, सुटायला आणखी आठ-दहा दिवस लागले. निघताना दत्तूनं माझी पेटी फाटकापर्यंत आणून दिली.

गावात काय तोंड दाखवायचं या विचारात कोल्हारला एसटीतून उतरलो, तर चार जण पिशवी घ्यायला पुढे आले. दत्तूचं पत्र माझ्या आधी पोचलं होतं आणि त्याच्या वडिलांनी ते पारावर वाचून दाखवलं होतं. 'डॉक्टरनं गुडघ्यावरून त्याला परत धाडला, त्याला कोणी बोलू नका.' कुठला गुडघा, हे काही त्यानं लिहिलं नव्हतं. मी डावा निवडला आणि लंगडत घरी गेलो.

पुढे दत्तू रजेवर आला की चारचौघांत न चुकता विचारायचा, "गुडघा कसा हाय रं?" त्यात थट्टा किती आणि पांघरूण किती, हे आम्हा दोघांनाच ठाऊक. हवालदार होऊन निवृत्त झाला आणि रोज सकाळी पाटाच्या रस्त्यानं माझ्याबरोबर फिरायला येऊ लागला. आयुष्यभर धावलेला माणूस माझ्या खोट्या पायाच्या चालीनं चालायचा.

दशक्रियेला प्रवरेच्या घाटावर श्रद्धांजलीसाठी माझं नाव पुकारलं, तेव्हा आज खरं सांगायचं असं ठरवूनच मी उठलो होतो. माईक हातात घेतला, तोच कोणीतरी मागून खुर्ची सरकवली. "बसून बोला आण्णा, पाय दुखल." मी बसलो. दत्तू शिस्तीचा होता, प्रेमळ होता, असं सगळे बोलतात तेच बोललो. इतकी लाज मला छावणीतून परततानाही वाटली नव्हती.

तेराव्यानंतर वहिनींजवळ सगळं कबूल केलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "मला ठावं हाय. लग्नानंतर पहिल्या रजेलाच बोलले हुते. त्यांनी बी अर्ज लिवला हुता, खिशात हुता. तुमी आदी दिला. म्हणले, दोगं माघारी गेलो तर गावात उभं कोन करल? म्हनून ऱ्हायलो." मग माझ्या पायाकडे बघून म्हणाल्या, "आता किती दिस लंगडनार, भावजी?"

म्हणजे मी पळालो म्हणून तो थांबला होता... आणि इतकी वर्षं मला वाटत होतं, तो माझ्यावर उपकार करतोय. त्याचाही अर्ज होता, हे त्यानं मला कधीच सांगितलं नाही. याचा राग येतो, आणि रडूही येतं.

काल सकाळी पाटाच्या रस्त्याला एकटाच गेलो. थोडा चाललो आणि मग धावत सुटलो. पन्नाशीला टेकलेला माणूस, धोतरासारखी ढगळ पँट, पुलापर्यंत जाईस्तोवर छाती फुटायला आली. दुधाचे कॅन घेऊन निघालेले दोघे गाडी थांबवून बघत राहिले. एकानं विचारलं, "आण्णा, गुडघा बरा झाला का?"

"त्यो कदी दुखतच नव्हता," मी म्हणालो, आणि सगळं सांगायला तिथंच उभा राहिलो.