रिकाम्या दारांपुढची रांगोळी

बाळांनो, आमच्या नांदेडच्या गल्लीत कोण कोण राहायचं, असं तुम्ही विचारलंत. क्रमाने सांगायला बसले खरी, पण निजामी अमलाच्या त्या अखेरच्या दिवसांत गल्लीला क्रमच उरला नव्हता. वकील, मास्तर, कचेरीतले कारकून बायकामुलं घेऊन वऱ्हाडाकडे निघून चालले होते. तिकडून उखडलेली मुसलमान कुटुंबं इकडे आसरा शोधत येत होती. समोरच्या मुसलमान मावशींचे, आमच्या खालांचे, असेच नातलग लेकरांसह त्यांच्या अंगणात उघड्यावर निजायचे.

वडील म्हणत, "रिकाम्या घरांत कोणी शिरलं, की आपणही निघायचं."

आईला घर सोडायचं नव्हतं. लोक आतून कडी घालून परसदाराने गेले होते, त्यामुळे कुलपं दिसत नव्हती. आई रोज आपल्या दारापुढे सडा-रांगोळी झाली की त्या दारांपुढेही करायची. घरं नांदती दिसावीत, एवढंच. कंबर धरून परत यायची.

कोपऱ्यावरच्या अशाच एका रिकाम्या घरातले आजोबा उमरीला लेकीकडे वारल्याची खबर आली आणि बाजारभर झाली. घरातली बाकीची माणसं इथेच आहेत, असंच लोक समजत. दुसऱ्या दिवशी आईने सवयीने त्या दारापुढेही रांगोळी काढली. सुतकाच्या घरापुढे!

खाला धावत आल्या. "अगं बाई, काय करून राहिली? मैयत झालेल्या घरी रांगोळी? आंधळ्यालाही कळंल, आत कोणी न्हाई!"

आईने पदराने पुसायला घेतली, पण तोवर दूधवाल्यापासून भाजीवालीपर्यंत सगळ्यांनी पाहिली होती. संध्याकाळी त्या घरात चूल पेटली. खालांचेच नातलग होते.

"मी अडवलं न्हाई," खाला खाली बघत म्हणाल्या. "लेकरं किती दिस उघड्यावर ठेवू?"

आई भांडली नाही. थकलीच होती. वडील म्हणाले, "आवर आता."

निघायच्या सकाळी आईने आपल्या दारात सडा घातला आणि खालांना हाक मारली. "आपा, आमच्या दारात रोज सडा घालशील?"

"घालीन की. पर किती दिस, ते सांगून जा."

आईने बादली खालांच्या उंबऱ्याशी ठेवली आणि टांग्यात बसली.