फॉर्मवरचं ‘स्वल्प’

आनेकलच्या रक्तपेढीतला तंत्रज्ञ दर महिन्याला बसने यायचा, काखेत थर्मास आणि हातात फॉर्म. त्याला पाहिलं की माझं डोकं फिरायचं.

नव्वदच्या दशकात बंगळुरातल्या आमच्या प्रयोगशाळेत एचआयव्हीच्या चाचणीची परीक्षा घेणारं सीरम बनायचं. लागण झालेलं सीरम आम्ही इतकं पातळ करायचो की चाचणीत जेमतेम रंग यावा. रक्तपेढ्यांनी ते रोज लावून पाहायचं. रंग आला तर किट ठीक. फॉर्मवर लिहायचे शब्द दोनच, पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह. हा महिनाभर लिहायचा ‘स्वल्प’, कन्नडमधलं थोडंसं.

मी रागावले की शर्टाच्या टोकाला चष्मा पुसत म्हणायचा, “सरी अक्का,” म्हणजे बरं ताई. पुढच्या महिन्यात पुन्हा स्वल्प.

एकदा मी फॉर्म त्याच्यापुढे आपटलाच. तो म्हणाला, “अक्का, बाटलीत तुम्हीच स्वल्प घातलंय. मंगळवारी तेवढंही दिसलं नाही. मग त्या दिवशीचं सगळं रक्त थांबवलं आणि नव्या किटवर पुन्हा तपासलं.”

बाकीच्या पेढ्यांचे फॉर्म टेबलावरच होते. सुवाच्य अक्षरात रोज पॉझिटिव्ह, पेढी बंद असते त्या रविवारीसुद्धा.

मी नव्या फॉर्मवर तिसरा रकाना आखला आणि वर लिहिलं, ‘वीक पॉझिटिव्ह’. महिन्यानं फॉर्म परत आला. ते खोडून त्यानं लिहिलं होतं, ‘स्वल्प’.