उलटून टाकलेलं पान

हे मी इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही. विषय निघाला की उठून जायचो. महिन्यापूर्वी गावाहून सुपडूभाऊच्या पुतण्याचा फोन आला, "मास्तर, सुपडूआबा ग्यात." आता गप्प राहिलो तर त्याच्यावरचा आळ कायमचाच होईल, म्हणून लिहितो आहे.

धुळ्याजवळच्या त्या गावी मी शाळामास्तर होतो. श्रावणात देवीच्या देवळात पोथी मीच वाचायचो आणि अर्थही मीच सांगायचो. सुपडूभाऊ कापूस पिकवणारा, माझ्याच वयाचा. अक्षरओळख नव्हती, पण पोथी चुकवायचा नाही. पुढे बसून टोमणे मारायचा, "मास्तर, देव इतलं लांबन लावत नही."

त्याची लेक लता तापाने फणफणली तेव्हा त्याने देवीला बोकड बोलला. पोर बरी झाली. नवसाचं करडू दारात बांधलं, आणि तीच त्याला पाला घालू लागली. साडीच्या काठाची लाल दोरी विणून तिने त्याच्या गळ्यात बांधली. नवस फेडायची वेळ आली तशी तिने जेवण सोडलं. सुपडूभाऊ शाळेत आला. ओट्यावर बसून म्हणाला, "मास्तर, पोथीमा काय लिखेल शे? देवीले बोकड लागस का?"

पोथीत दोन्ही होतं. एका ठिकाणी देवी बळी आनंदाने स्वीकारते. पुढे एका ठिकाणी पान, फूल, ओंजळभर पाणी पुरे म्हणते, रक्त नको म्हणते. मी तेव्हा तरुण होतो, सुधारक होतो... पहिलं पान अंगठ्याने उलटून टाकलं आणि दुसरं तेवढं वाचून दाखवलं. त्याचा चेहरा उजळला. त्याने देवीपुढे नारळ फोडला, निंबाचा डहाळा ठेवला आणि बोकड घरी नेला.

पुढच्या पावसाळ्यात लताला साप चावला. धुळ्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

तेराव्यानंतर देवळात बैठक बसली. सुपडूने नवस बुडवला, देवीने आपलं घेतलं, असं सगळे म्हणत होते. गावातले थोरले आबा म्हणाले, असं करायला तुला कुणी सांगितलं? सुपडूभाऊने माझ्याकडे पाहिलं. मी मांडीवरच्या पोथीकडे पाहिलं. मग तोच म्हणाला, "कोनी सांगं नही, आबा. मना मनमाच उनं."

देवीच्या भंडाऱ्याची पंगत त्याला बंद झाली. बायको कित्येक वर्षं त्याच्याशी धड बोलली नाही. बोकड मात्र त्याने म्हातारा होऊन मरेपर्यंत सांभाळला. मी बदली मागून जळगावला आलो. लोकांना सांगितलं, मुलांच्या शिक्षणासाठी.

बऱ्याच वर्षांनी तो माझ्याकडे आला. प्रौढांच्या वर्गात वाचायला शिकला होता, पिशवीत पोथी होती. त्याने दोन्ही पानं काढून पुढे ठेवली. चिडला नव्हता. यातलं खरं कोणतं, एवढंच त्याने विचारलं. मी लांबलचक बोलत राहिलो. ग्रंथ एका काळाचा नसतो, एका हाताचा नसतो, देव कुणाला कसा दिसला त्यावर असतं... तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "मंग दोन्ही वाचनं व्हतं ना, मास्तर."

बोकड आपण तरीही सोडलाच असता, असं तो म्हणाला. पण मग ते त्याचं ठरवणं झालं असतं, आणि बैठकीत तो बोलला ते खोटं ठरलं नसतं. तो समोर बसला होता, मला तेव्हाच बोलता आलं असतं. मी एस.टी.ची वेळ विचारली आणि त्याला स्टँडवर सोडून आलो.

दहाव्याला गावी गेलो. तेच देऊळ, तीच फरशी. विचारणारे आबा कधीच गेले. पुतण्याने पोथी माझ्या हाती दिली, तुम्हाला द्यायला सांगून गेले म्हणाला. मी उलटून टाकलेल्या पानात खुणेला ती लाल दोरी ठेवलेली आहे, विटलेली. रोज तेवढंच पान उघडतो, आणि बैठकीत बोलायचं राहिलेलं मोठ्याने म्हणून पाहतो... "मी सांगितलं होतं, आबा. सुपडूभाऊ, मला..."