टाकळकरबाईंचं विलीनीकरण

टाकळकरबाई बैठकीला येताना पर्समध्ये भाजलेल्या शेंगा घेऊन यायच्या. भूक लागते म्हणून नव्हे. समोरचा खोटं बोलला की त्या एक शेंग काढून फोडायच्या. कट्! दाणे तोंडात, टरफल रुमालात. विद्यापरिषद म्हणजे आमच्या विद्यापीठातली ती सभा, जिथे अभ्यासक्रमापासून विभागांच्या जगण्यामरण्यापर्यंत सगळ्याचा निकाल लागतो. तिथे भलेभले लोक डोळे कुलगुरूंकडे आणि कान बाईंकडे ठेवून बोलत. एकदा खुद्द कुलगुरू म्हणाले, "शासन विद्यापीठांच्या पाठीशी खंबीरपणे उभं आहे." बाईंनी मूठभर शेंगा काढून टेबलावर ओतल्या.

"बाई, हे बरं दिसतं का?" मी एकदा भीत भीत विचारलं.

"खोटं ऐकलं की हाताला काम लागतंय बघ दिगंबर," त्या म्हणाल्या. "न्हाईतर हात भलतीकडंच जाईल."

बाई भूगोल विभागाच्या प्रमुख. माहेर झरीचं, शेतकऱ्याचं. सासर पूर्णेचं, यजमान रेल्वेत. त्यामुळे बाई रोज पूर्णा-परभणी गाडीने यायच्या. शिकवताना त्यांची भाषा पुस्तकातली असायची आणि राग आला की थेट झरीची. मी आधी त्यांचा विद्यार्थी, मग त्यांच्याच विभागात प्राध्यापक, आणि पुढे विद्यापरिषदेवर निवडून आलेला शिक्षकांचा प्रतिनिधी. निवडून आलो म्हणजे, समोरचा उमेदवार अर्ज भरायचा विसरला.

त्या सभेत माझं कर्तृत्व एकच. कोणीही ठराव मांडला की मी हात वर करून म्हणायचो, "अनुमोदन!" ठरावाला अनुमोदक लागतोच, आणि त्याचं नाव इतिवृत्तात छापून येतं. इतिवृत्त घरी नेऊन मी बायकोला दाखवायचो. नाव बघायच्या नादात ठराव कशाचा आहे, हे ऐकायची सवय मला लागलीच नाही. आणि या सवयीनेच मी एका दुपारी आमचा स्वतःचा विभाग बुडवला.

त्याचं झालं असं. मुंबईहून पत्र आलं. वेतनेतर अनुदान बंद, म्हणजे खडूपासून वीजबिलापर्यंत सगळं तुमचं तुम्ही बघा. रिकाम्या जागा भरायच्या नाहीत. तासिका तत्त्वावरच्या मास्तरांना घरी पाठवा. छोटे विभाग मोठ्या विभागांत मिसळा. या पत्राने सगळं विद्यापीठ रडकुंडीला आलं, फक्त अधिष्ठाता डॉ. निळेकर सोडून. निळेकर सर पर्यावरणशास्त्राचे प्रमुख. अत्तर लावून येणारे, हळू बोलणारे, आणि कोणी माणसं मागितली की हात जोडून म्हणणारे, "आहे त्या मनुष्यबळात भागवा." आमच्या नकाशांच्या खोलीवर त्यांचा फार दिवसांपासून डोळा होता. खोली प्रशस्त होती आणि तिच्या खिडक्या कडुनिंबाकडे उघडत होत्या.

त्या दिवशी पूर्णेची गाडी लेट होती. कार्यक्रमपत्रिका संपली, चहा आला, अर्धे सदस्य बॅगा आवरू लागले. तेवढ्यात निळेकर सरांनी ऐनवेळचा विषय मांडला: "समान स्वरूपाच्या विभागांचे शैक्षणिक समन्वयन." मला वाटलं, समन्वय तर चांगलाच की. हात वर केला. "अनुमोदन!" कुलगुरू म्हणाले, "मंजूर." आणि दारात बाई उभ्या होत्या, खांद्याला पर्स, कपाळावर घाम.

"काय मंजूर झालं?" त्यांनी विचारलं.

कुलसचिवांनी खाली बघत सांगितलं. भूगोल विभाग पर्यावरणशास्त्रात विलीन.

बाई माझ्याकडे वळल्या. "दिगंबर, तू अनुमोदन दिलंस का अग्नी दिलास रे?"

पुढच्याच आठवड्यात नकाशांची खोली रिकामी झाली. आमच्या मुलांनी कागदाच्या लगद्याचा गोदावरी खोऱ्याचा मोठा उठावाचा नकाशा केला होता. पूर्णा, दुधना, बालाघाटाचे डोंगर, सगळं हाताने उभं केलेलं. तो व्हरांड्यात काढून ठेवला होता, आणि पाणी टाकणाऱ्या पोराने बालाघाटावर गार पाण्याचे जार मांडले होते. डोंगर खाली बसले, दुधनेचा चिखल झाला. बाईंनी स्वतः एकेक जार उतरवून खाली ठेवला. मग पदर खोचून त्या लगद्यावरून हात फिरवत राहिल्या. आत निळेकर सर एसी कुठे बसवायचा ते सांगत होते.

"सर," बाई दारातून म्हणाल्या, "खोली लय चांगली हाय. जपून बसा."

सर हसले. मला मात्र घाम फुटला. बाईंना मी वीस वर्षं ओळखत होतो. त्या ओरडत होत्या तोवर भीती नव्हती.

पुढच्या बैठकीत पहिला विषय नेहमीचा होता, मागील बैठकीचे इतिवृत्त कायम करणे. हरकत घ्यायची हीच जागा. मी आरशासमोर उभं राहून भाषण पाठ केलं होतं. त्यात "लोकशाहीची हत्या" हे शब्द तीनदा होते. मी उठणार, तोच बाई उभ्या राहिल्या.

"इतिवृत्त आहे तसं कायम करावं, असं मी सुचवते. विलीनीकरण ताबडतोब अमलात यावं."

निळेकर सरांनी दुपारी पेढे पाठवले. मी बाईंच्या मागे जिन्यापर्यंत धावलो. "बाई, तुम्ही हार मानली?"

"दिगंबर, लगीन लागायच्या आधी अक्षता फेकत्यात का रे? लागू दे की आधी."

लागलं. आणि आठच दिवसांत बाईंचा एक साधा अर्ज कुलसचिवांकडे गेला: दोन विभाग एक झाले आहेत, तरी नियमाप्रमाणे सेवाज्येष्ठ शिक्षकाकडे प्रमुखपद द्यावे. निळेकर सर वयाने मोठे, पदाने मोठे, केबिनने तर फारच मोठे. पण नोकरीला बाई आधी लागलेल्या. खोली गिळायच्या घाईत सरांनी एवढंच पाहिलं नव्हतं. कुलसचिवांनी सही करताना पेन झटकलंसुद्धा नाही, कारण त्यांचंही सरांशी जुनं वाकडं होतं.

त्यानंतरचं वर्ष म्हणजे माझ्या नोकरीतलं सगळ्यात सुखाचं वर्ष. हे लिहितानाही तोंडाला पाणी सुटतंय, काय करू?

प्रमुखाच्या हातात खरी सत्ता एकच असते, वेळापत्रकाची. तासिकेवरचे मास्तर घरी गेले होते, तास तेवढेच होते. बाईंनी सरांना सकाळी साडेसातची नकाशाशास्त्राची प्रात्यक्षिकं दिली. अधिष्ठाता झाल्यापासून सरांनी खडू हातात धरला नव्हता. ते धावत केबिनमध्ये आले. ती केबिन, म्हणजे आमचीच नकाशांची खोली, एसीसकट, आता बाईंची होती.

"बाई, हा माझा विषय नाही."

"समान स्वरूपाचा विषय हाय, सर. तुमचाच ठराव."

"पण माणसं कमी पडतायत!"

"आहे त्या मनुष्यबळात भागवायचंय की. मनुष्यबळ म्हंजे तुमीच."

सरांनी वैतागून किरकोळ रजेचा अर्ज दिला. बाईंनी तो परत केला. "वरती 'महोदया' लिवलं न्हाई. अन् कारण लिवा. 'वैयक्तिक' हे कारण न्हाई, त्यो बहाणा हाय." सर दारात उभं राहून भिंतीला कागद लावून पुन्हा अर्ज लिहीत होते, तेव्हा मी उगाचच तीनदा तिथून गेलो. तिसऱ्या वेळी दाराच्या चौकटीवर आपटलो, इतकं माझं लक्ष त्यांच्याकडे होतं. कपाळावरचं टेंगूळ मी आठवडाभर पदकासारखं मिरवलं.

मलाही सुटका नव्हती. बाईंची शिक्षा अशी की रोज विभागात आल्यावर उभं राहून मोठ्याने म्हणायचं, "माझी हरकत आहे." मान खाली घातली की पुन्हा. या सरावाने एकदा भाजीबाजारात वांगी घेताना माझ्या तोंडून तेच निघालं. भाजीवाली म्हणाली, "मग नका घेऊ की, हरकत कशाची?"

मार्चच्या उन्हात पेडगावच्या शिवारात सर्वेक्षणाची क्षेत्रभेट होती. बाईंनी सरांना पाठवलं आणि मला मोजणीच्या दुर्बिणीची तिवई उचलायला. सकाळची वेळ. एका मुलीने विचारलं, "सर, आपण आता उत्तरेला तोंड करून उभे आहोत ना?" सर म्हणाले, "अर्थातच." सरांच्या डोळ्यांत सूर्य असा घुसला होता की त्यांना कपाळावर हात धरावा लागत होता. मुलं एकमेकांकडे बघू लागली. बांधावरचा एक म्हातारा थांबून म्हणाला, "मास्तर, आज दिवस उत्तरेला निगाला का काय?" दुसऱ्या दिवशी हे सगळ्या विद्यापीठात पसरलं. मी कोणाला काही सांगितलं नव्हतं. फक्त कँटीनमध्ये जरा मोठ्याने बोललो होतो.

वर्ष संपायच्या आत निळेकर सरांनी स्वतःच विषय मांडला, आणि या वेळी ऐनवेळी नव्हे, रीतसर: भूगोल विभाग पुन्हा स्वतंत्र करावा. भूगोलाला स्वतःची पद्धत आहे, स्वतःची प्रात्यक्षिकं आहेत, तज्ज्ञ शिक्षकांशिवाय तो शिकवता येत नाही, असं ते पोटतिडकीने बोलले. इतकं चांगलं भाषण आमच्या विषयावर आजवर कोणी केलं नव्हतं. बाई शांतपणे ऐकत होत्या. पर्स मिटलेली.

"बाई, तुमचं काही म्हणणं?" कुलगुरूंनी विचारलं.

"सर खरं बोलले. एकच विनंती. विलीनीकरण करताना दिलेली कारणं चुकीची होती, एवढं एक वाक्य सरांनी उभं राहून म्हणावं. अन् ते इतिवृत्तात यावं."

निळेकर सरांनी कुलगुरूंकडे पाहिलं. कुलगुरू पंख्याकडे बघत होते. सरांनी कुलसचिवांकडे पाहिलं. कुलसचिवांनी पेनचं टोपण काढून ठेवलं होतं.

सर उठले. हळू आवाजात म्हणाले, "ती कारणं चुकीची होती."

"मागं ऐकू आलं न्हाई," बाई म्हणाल्या.

सरांनी पुन्हा सांगितलं. मोठ्याने.

विभाग परत मिळाला. खोली मिळाली, एसीही तिथेच राहिला. काढायला निधी नव्हता. मी पेढे आणले. बाईंनी अर्धाच खाल्ला. "सरांचं झालं," त्या म्हणाल्या. "पर सर म्हंजे निसतं मधलं माणूस. अनुदान बंद करणारा त्यो न्हाई."

पुढच्या वर्षी बाई निवृत्त झाल्या. शाल झाली, श्रीफळ झालं, निळेकर सर आलेच नाहीत, आणि मी आभार मानताना बाईंऐवजी कुलगुरूंना निरोगी निवृत्तीच्या शुभेच्छा देऊन बसलो. संध्याकाळी बाई पूर्णेच्या गाडीत बसल्या. खिडकीतून म्हणाल्या, "हरकत घ्यायची विसरू नको." गाडी गेली.

महिनाभरात मंत्रालयाचं पत्र आलं. बाईंची जागा व्यपगत. म्हणजे रिकामी नव्हे, मुळातूनच रद्द. अख्ख्या विभागात आता प्राध्यापक मी एकटा. खुर्च्या भरपूर. मी पूर्णेला फोन लावला आणि पत्र वाचून दाखवलं. मला वाटलं, बाई आता रडतील.

"सही कुणाची हाय?"

"कोणी कक्ष अधिकारी आहेत, बाई."

"नाव वाच."

मी वाचलं. बाईंनी ते सावकाश, एकेक अक्षर तोलत, पुन्हा उच्चारलं.

"बरं, दिगंबर," त्या म्हणाल्या, "नोकरी किती राहिलीय त्याची?"