डब्यावरची लाल टिकली

आमगावहून सकाळच्या गाडीनं गोंदियाला जाणाऱ्या पोरी पुष्कळ. कोणी कॉलेजात जाते, कोणी साडीच्या दुकानात. देवाजीची स्नेहल कुठं जाते ते मात्र गल्लीत कोणालाच धड सांगता येत नव्हतं. तिची माय कलाबाई म्हणायची, "कंप्युटरच्या तारा पाहते." ऐकणारी बाई मान हलवायची अन् मनात म्हणायची, तारा पाहायला कोणी पगार देते होय?

देते बाई. बिसनलाल शेठची गोंदियात रक्त तपासायची लॅब होती. सालेकसा, आमगाव, तिरोडा, सगळीकडचं रक्त तिथं डब्यांत भरून यायचं. मशीन ते तपासायची, पण मशीनला सही कुठं करता येते? सही करणारा डॉक्टर नागपुरात. म्हणून रिपोर्ट आधी दूरच्या एका भाड्याच्या सर्व्हरवर जायचा, त्याला क्लाउड म्हणतात. डॉक्टर तिथंच तो पाहून सही करायचा, मग तो परत यायचा अन् खिडकीवर माणसाच्या हातात पडायचा. हा जायचा-यायचा रस्ता मोकळा ठेवणं, हे स्नेहलचं काम. तीन महिने पाहू, मग पक्की करू, असं शेठनं सांगितलं होतं. ते तीन महिने भरायचा दिवस होता बुधवार.

मंगळवारी संध्याकाळी तिनं रस्त्यावरचा चौकीदार बदलला. फायरवॉल म्हणतात त्याला. कोण आत येते, कोण बाहेर जाते, ते पाहणारा डबा. जुना तापून जळायच्या बेतात होता, म्हणून नवा. जे केलं ते तिनं वहीत उतरवून ठेवलं, वेळेसकट. ही सवय बापाची. देवाजी सालेकशाकडे लाकडाच्या डेपोवर चौकीदार होता. कुलूप तुटकं आहे हे त्यानं साहेबाला तोंडी सांगितलं होतं, दोनदा. लाकूड गेलं तेव्हा साहेब म्हणाला, मला कोणी सांगितलंच नाही, अन् रजिस्टरात जबाबदार म्हणून देवाजीचं नाव लिहून मोकळा झाला. नोकरी गेली. तेव्हापासून घरात एकच शिकवण: तोंडचं हवेत जाते पोरी, लिवून ठेव.

बुधवारी साडेआठला ती पोचली तर खिडकीवर ही गर्दी अन् तिच्या खुर्चीवर दुर्गेश. दुर्गेश म्हणजे शेठचा भाचा. स्नेहलच्या आधी तारा तोच पाहायचा, म्हणजे पाहायचा कमी अन् मोबाईलवर क्रिकेटच जास्त. खुर्ची न सोडता तो म्हणाला, "या मॅडम. काल चालत होतं. संध्याकाळी तुम्ही नवा डबा बसवला. आज बंद. मी तं कायी म्हणतच नाई."

न म्हणता त्यानं सगळ्यांना सांगून झालं होतं. एकही रिपोर्ट सर्व्हरला पोचत नव्हता.

झाडू-पोछा करणारी नंदाबाई दाराशी बादली घेऊन उभी होती. काउंटरवरच्या ओमेश्वरीनं तिला मधेच विचारलं, का वो मावशी, आज कपाळ भुंडं काऊन? घामानं पडली असन, म्हणत नंदाबाई पोछा मारायला लागली. स्नेहलच्या कानावर ते आलं अन् तसंच गेलं. ज्याच्या घराला आग लागली तो शेजारणीची टिकली कशाला पाहील?

तिनं एकेक करून पाहायला घेतलं. गूगल उघडत होतं, व्हॉट्सअॅप चालत होतं, म्हणजे इंटरनेट होतं. फक्त आपलाच सर्व्हर ओ देत नव्हता. नव्या डब्याच्या नोंदी उघडल्या. इथून निरोप बाहेर पडल्याचं दिसत होतं, अडवल्याची खूण कुठंच नव्हती. पण उलट निरोप एकही नाही. पोरगी सासरी गेली, पोचल्याचा फोन नाही, असं ते झालं. काल लिहिलेले नियम तिनं वहीशी ताडून पाहिले. एक अक्षर चुकलं नव्हतं. चूक सापडली असती तर बरं, असं तिला वाटायला लागलं.

सर्व्हरवाल्या कंपनीला तिनं फोन लावला. तिकडच्या पोरानं हिंदीत समजावलं की आमचा सर्व्हर ठणठणीत आहे, बाकीचे ग्राहक चालू आहेत. आमचं दार ओळखीच्या पत्त्यालाच उघडते, तुमच्या ऑफिसचा बाहेरचा पत्ता सांगा. हा पत्ता म्हणजे एक आकडा असतो, बाहेरचं जग ऑफिसला त्याच आकड्यानं ओळखते. स्नेहलनं वही उघडली अन् पहिल्या पानावरून आकडा वाचला. पोरगा म्हणाला, हाच आमच्या यादीत आहे, दार उघडंच आहे मॅडम.

हेही खरं, तेही खरं, अन् रस्ता बंद.

बारा वाजता शेठनं बोलावलं. ओरडला नाही. शेठ ओरडत नसे, त्याचीच भीती जास्त. "चार बजेपर्यंत पाहतो बेटा. नाही झालं तं चाव्या दुर्गेशकडे दे. तीन महिने झालेच आहेत."

खिडकीखालच्या पायरीवर सालेकशाचा हिरालाल सकाळपासून बसला होता. बायको सरकारी दवाखान्यात, तिचा रिपोर्ट पाहिल्याशिवाय तिथले डॉक्टर पुढचं बोलत नव्हते. मशीननं काढलेले आकडे ओमेश्वरीनं त्याला कागदावर दिले होते. दवाखान्यानं ते परत पाठवले, सही कुठे आहे म्हणून. स्नेहल जाता-येता दिसली की तो पाहायचा. शेवटी त्यानं विचारलंच, "माह्या बायकोचं रगत तं लालच होतं ना मॅडम? मंग इतका येळ काऊन लागून राहिला?"

दुपारचा डबा तसाच बांधलेला होता. घरी जाऊन बापाला काय सांगायचं, हेच तिच्या डोक्यात फिरत होतं. सगळं लिहून ठेवूनही गेलं, असं सांगायचं?

अडीच वाजता ती जिन्याखालच्या खोलीत शिरली. खोली कसली, कोनाडाच. एका अंगाला नंदाबाईचे झाडू, फिनाइल. दुसऱ्या अंगाला यंत्रांचं कपाट. सकाळपासून ती इथं चारदा आली होती, चारही वेळा नव्या डब्यासमोर बसून स्क्रीनच पाहिली होती. आता पाहायचं काही उरलं नव्हतं, म्हणून खाली फरशीवर बसली. अन् खाली बसल्यावर तिला कपाटाचा तळ दिसला.

तळाशी इंटरनेट कंपनीचा पांढरा डबा होता, जिथून लाईन ऑफिसात येते तो. त्याला तारा लावायच्या चार जागा. पहिल्या जागेवर, अगदी नेमकी, एक लाल टिकली चिकटवली होती. अन् त्या जागेत तार नव्हती.

तार तिथून काढून दुसऱ्याच एका काळ्या डब्यात खुपसली होती, अन् त्या डब्याची लाईन खिडकीच्या गजातून वर, शेजारच्या मेडिकलकडे गेली होती.

स्नेहलनं मोबाईल ऑफिसच्या वायफायवर घेऊन ऑफिसचा बाहेरचा पत्ता पाहिला. वहीतला नाही, आत्ताचा. आकडा वेगळाच होता.

गावात असं होते ना. जावई सासरी रोज येतो-जातो, त्याच्या चपलांचा आवाज कुत्र्याच्या ओळखीचा. एक दिवस दुसऱ्याच्या चपला घालून आला, तर घरचाच जावई चावून घेतो. ऑफिस सकाळपासून दुसऱ्याच्या चपला घालून सर्व्हरच्या दारात उभं होतं, अन् ती फोनवर आपल्याच जुन्या चपलांचं वर्णन करून सांगत होती.

तिनं दार ओढून घेतलं अन् नंदाबाईला हाक मारली. नंदाबाई आली. कपाळ भुंडं, अन् नजर थेट त्या टिकलीवर.

"मावशी, हे तुमचं आहे?"

नंदाबाई तिच्याजवळ फरशीवर बसली. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. सकाळी सहाला तिनं लॅब उघडली तेव्हा पांढऱ्या डब्यावर लाल दिवा होता. बाहेर नालीसाठी खोदकाम चालू, जेसीबीनं लाईन तोडली होती. आज स्नेहल मॅडमचा फैसला आहे हे तिला माहीत होतं. आजच नेट बंद पडलं तर पोरीच्या डोक्यावर येईल, म्हणून तिनं आपल्या बहिणीच्या पोराला, कैलाशला, बोलावलं. कैलाशचा केबलचा धंदा. त्यानं मेडिकलमधली लाईन ओढून तार बदलून दिली, नेट चालू झालं, तो गेला. तार परत कुठं लावायची ते विसरू नये म्हणून नंदाबाईनं कपाळाची टिकली काढून तिथं लावून ठेवली. तिला वाचता येत नव्हतं. तिची वही तिच्या कपाळावर होती.

"मंग सांगितलं काऊन नाही मावशी?"

"कसं सांगू पोरी? मागं म्या चार्जर लावाले मशीनची पिन काढली होती, तं शेठ म्हणे, पुन्हा मशीनले हात लावला तं घरी बस. आन् नेट तं चालूच होतं ना. मले वाटलं, हे दुसरंच कायी असन."

पांढऱ्या डब्यावर आता हिरवा दिवा होता. लाईन केव्हाच जोडून झाली होती, पाहिलं कोणीच नव्हतं. स्नेहलनं तार काढली अन् टिकलीच्या जागी बसवली.

दोन मिनिटं काहीच झालं नाही. ती दोन मिनिटं नंदाबाई डोळे मिटून बसली होती. मग काउंटरवरून ओमेश्वरीचा आवाज आला की जाऊन राहिले, रिपोर्ट जाऊन राहिले. पावणेचारला हिरालालच्या हातात सहीचा कागद पडला. त्यानं तो उलटा-सुलटा पाहिला, पिशवीत घातला अन् दवाखान्याच्या दिशेनं चालू लागला.

चार वाजता शेठनं वही मागितली. दुर्गेश शेजारी उभा होताच. शेठनं बोट ठेवून वाचलं: सकाळी सहा, बाहेर लाईन तुटली. ऑफिसची तार दुसऱ्या लाईनवर लावली. पुढं 'कोणी' असा शब्द होता, अन् त्यापुढं कोरी जागा.

"इथं नाव नाही."

तीन महिन्यांत तिनं एकही जागा कोरी सोडली नव्हती. दुर्गेश म्हणाला की मामा, त्या खोलीत सकाळी दोनच बाया जातात. एक झाडूवाली, दुसरी ह्या मॅडम.

"नाव लिहिणार नाही, सर," ती म्हणाली. "ज्यानं तार बदलली त्यानं नेट चालू केलं, मोडलं नाही. लाईन तुटली तर मला फोन करा, हे मी कोणाला सांगून ठेवलं नव्हतं. अन् फोनवर पत्ता मी वहीतून सांगितला, पाहून नाही सांगितला. पाहिलं असतं तर नऊ वाजताच सापडलं असतं. ती चूक माझी. ती लिहिली आहे, खालच्या ओळीत."

शेठनं खालची ओळ वाचली. वही मिटली. पक्की करायचं तो काही बोलला नाही, काढायचंही बोलला नाही. आणखी तीन महिने पाहू, म्हणाला. दुर्गेश हसला ते तिला पाठमोरी असूनही कळलं.

घरी देवाजी वाट पाहत होता. जेवताना तिनं सगळं सांगितलं. त्यानं एवढंच विचारलं, पूर्ण लिवलं का? तिनं वही पुढं केली. म्हाताऱ्याला आता बारीक अक्षर दिसत नाही, पण कोरी जागा दिसली. तिथं त्यानं बोट ठेवलं.

"माहं नाव लिवणाऱ्यानं अशी जागा सोडली असती तं..." एवढं म्हणाला. कलाबाईनं त्याच्या ताटात भात वाढला, तोही त्यानं लवकर कालवला नाही.

टिकली अजून त्या डब्यावर आहे. स्नेहलनं तिच्या शेजारी आपला फोन नंबर चिकटवला, अन् नंदाबाईच्या मोबाईलमध्ये एक दाबला की आपल्याला लागेल असं करून दिलं. लाल दिवा दिसला तर करा, म्हणाली. पण नंदाबाई लाल दिव्याची वाट पाहत नाही. रोज सकाळी सहाला, रविवारीसुद्धा, आमगावात फोन वाजतो अन् अर्ध्या झोपेतली स्नेहल ऐकते, "मॅडम, बत्ती हिरवी हाये."

नव्या तीन महिन्यांतले अकरा दिवस झालेत.